खालच्या वस्तीचा दिवा

मळवाडीच्या खालच्या वस्तीनं स्वतःचा दिवा घ्यायचं ठरवलं ते १९८४ च्या मे महिन्यात. त्याला एक कारण मागच्या पावसाळ्यातला पूर होता. दुसरं आणि मोठं कारण पुलावरची माणसं होती.

मळवाडी पंचगंगेच्या पलीकडच्या काठावर आहे आणि कोल्हापूरच्या मोठ्या पुलावरून ती स्पष्ट दिसते. गावठाण उंचावर, देऊळ त्याहून उंच. बौद्धांची वीस-पंचवीस घरं मात्र नदीकडच्या उतारावर. नदी पात्राबाहेर आली की पाणी आधी वस्तीमागच्या ओढ्यात घुसतं, गावाकडं जाणारा रस्ता बुडतो आणि वस्तीचं बेट होतं. मग सुटकेला नाव लागते, आणि नाव असते शहराच्या बाजूला, घाटावर.

मागच्या पुरात पाण्यानं हुसकावलेले साप घरांच्या माळ्यांवर चढले होते. पारूबाई कांबळे माळ्यावरचं जळण काढायला गेली आणि तिच्या मनगटाला घोणस चावली. दुपार कलत आली होती. तिचा नवरा आकाराम, महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेला हवालदार, आणि तिची थोरली जाऊ तानाबाई तिला घेऊन समाजमंदिराच्या स्लॅबवर चढले आणि पेटता कंदील हलवायला लागले. समोर पूल माणसांनी भरला होता. कोल्हापुरात पूर बघायला जायची रीत आहे. घरंच्या घरं पुलावर येतात, भजी खातात, पाणी कुठवर चढणार यावर पैजा लावतात. त्या माणसांना कंदील दिसला आणि त्यांनी हात हलवले. काहींनी रुमाल हलवले. एकानं बॅटरी पेटवून गोल गोल फिरवली.

वस्तीनं कंदील आणखी जोरात हलवला. पुलावरून आणखी जोरात हात हलले.

वर गावात काहील होती. उसाचा रस आटवायची ही पसरट कढई नदीकाठची गावं पुरात नावेसारखी वापरतात. वस्तीनं ओढ्यापलीकडून हाका मारून ती मागितली, तेव्हा सरपंच सयाजीराव म्हणाले, धार फार आहे, काहील खाली जाणार नाही. त्याच सकाळी त्यांच्या मळ्यातली दोन रेडकं काहिलीतून वर आणली होती. घाटावरची नाव दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आली. पारूबाई तोवर गेली होती.

नंतर चौकशीला आलेल्या साहेबापुढं तानाबाई रडली नाही. ती म्हणाली, “नाव हुती, नावाडी हुता, दवाखाना हुता. बघणारी तर जत्रा हुती. आमी मराय लागलोय एवढंच कुणाला कळलं न्हाय.”

साहेबानं ते लिहून घेतलं की नाही, तिनं पाहिलं नाही.

मेमध्ये ग्रामपंचायतीनं देवळाच्या शिखराजवळ सर्चलाइट बसवायचं ठरवलं. सयाजीराव स्वतः सांगायला ओढ्यापर्यंत आले. “साऱ्या गावाला एकच दिवा. आता काळजी सोडा,” ते म्हणाले.

“बटन कुणाकडं?” तानाबाईनं विचारलं.

“माझ्याकडं. दुसऱ्या कुणाकडं असणार?”

“मग काळजी न्हाय सुटत.”

त्याच संध्याकाळी समाजमंदिरात वस्ती जमली. आकारामचं मत ठरलेलं होतं. लाल दिवा. पलटणीत लाल म्हणजे धोका, रेल्वेत लाल म्हणजे धोका, रस्ता खणला तरी लाल कंदील लावतात. तानाबाईनं दिराचं ऐकून घेतलं.

“भावजी, लाल आनूया. पर आनखी बी बघूया. माझी अट एकच हाय. ज्याला बघून मानसाला हात हलवावासा वाटंल, त्यो दिवा नको.”

दोघं दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात मंगळवार पेठेत यज्ञेश्वरच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि भिंतभर उघडी पडलेली यंत्रं. यज्ञेश्वर रेडिओ दुरुस्त करायचा आणि फोटोवाल्यांच्या फ्लॅशगन. वय चाळिशीचं, तोंडात सुपारी, आणि गिऱ्हाईकानं काय घ्यावं हे गिऱ्हाईकाआधी ठरवायची सवय.

“मावशी, पुराला सर्चलाइट. दुसरं काही नाही.”

“त्यो सरपंचानी घेतलाय.”

“मग झालं की! एका गावाला दोन कशाला?”

“सर्चलाइट तोंड असंल तिकडंच बघतोय. त्याचं तोंड कुणीकडं करायचं ते आमच्या हातात न्हाय.”

यज्ञेश्वरनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “बसा,” तो म्हणाला.

त्यानं ट्रकचा पिवळा लुकलुकणारा दिवा काढून दाखवला. तानाबाईनं मान हलवली. “ह्याला बघून म्हंतील ट्रॅक्टर वळालाय.” त्यानं सायकलीचा मोठा दिवा दाखवला. ती नुसतीच त्याच्याकडं बघत राहिली, तेव्हा त्यानं तो आपणहून परत ठेवला. मग थोडा विचार करून टेबलाखालून पत्र्याचा एक डबा काढला. वर काचेची बोटभर नळी होती. त्यानं तारा जोडल्या. आधी डासासारखी बारीक शिट्टी ऐकू आली. मग दुकानातली प्रत्येक वस्तू एका क्षणात पांढरीफटक झाली. पुन्हा झाली. पुन्हा झाली.

आकाराम सवयीनं खाली वाकला होता. तो हळूच सरळ झाला.

“काय वो हे?”

“स्ट्रोब. वीज साठवायची आणि एका झटक्यात सोडायची, म्हणून एवढ्याशा सेलवर एवढा उजेड. समुद्रात पडलेल्या माणसाच्या अंगावर असला दिवा असतो, विमानाच्या पंखालाही असतो. मी हा एका ऑर्केस्ट्रावाल्यासाठी केला होता, डिस्कोच्या गाण्याला. पार्टी बुडाली, तो न्यायलाच आला नाही.”

“म्हंजी नाचायचा दिवा,” आकाराम म्हणाला.

“नाचायचा, बुडायचा, दिव्याला काय कळतं?”

तानाबाईनं उजेडाचं कौतुक केलं नाही. तिनं विचारलं, “पावसात चालंल?”

“नाही. आत पाणी गेलं तर धरणारा आडवा होईल. गंमत नाही सांगत. आत वीज साठलेली असते.”

“बरनीत घातला तर? लोनच्याच्या. झाकनाला रबर असतंय.”

यज्ञेश्वरनं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. “काचेची बरणी. पालथी घालायची. झाकणातून वायर बाहेर काढायची आणि भोक खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीनं बुजवायचं. होईल. पण उजेडाचा एक धडा ऐकून ठेवा. ह्या दिव्यात तुम्हाला काही दिसणार नाही. पायाखालचा साप दिसणार नाही. हा बघायचा दिवा नव्हे, दिसायचा दिवा आहे.”

“आमाला दिसायचंच हाय,” तानाबाई म्हणाली.

तरी तिनं तो लगेच पसंत केला नाही. नदीपलीकडून कसा दिसतो, ते कळल्याशिवाय घ्यायचा नाही असं तिनं सांगितलं. यज्ञेश्वरला राग यायला हवा होता. उलट तो म्हणाला, “मीही येतो. मलाही ठाऊक नाही.”

चाचणी जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. पाऊस अजून लागला नव्हता, पण आभाळ भरलेलं होतं आणि दिवेलागणीलाच अंधारून आलं होतं. आकाराम तिन्ही दिव्यांच्या तयारीनं समाजमंदिराच्या स्लॅबवर राहिला. तिन्ही म्हणजे दोन. तिसरा, सर्चलाइट, सयाजीराव रोज संध्याकाळी स्वतःच लावत, गावाला नवं काही घेतल्याचं दिसावं म्हणून. तानाबाई आणि यज्ञेश्वर पुलाच्या शहराकडच्या टोकाला, धोंडुबाईच्या भज्यांच्या गाडीपाशी उभे राहिले. तानाबाईनं नदीकडं पाठ केली होती. तिला दिवा बघायचा नव्हता. दिवा बघणारी माणसं बघायची होती.

पहिला लाल. पूल जसा चालला होता तसा चालत राहिला. धोंडुबाईच्या गाडीपाशी भजी खाणारा एक जण म्हणाला, “पलीकडं कोन तर विडी वडालंय.”

“एवढ्या लांबनं विडी दिसती व्हय रं?” दुसरा म्हणाला.

“मोठी असंल.”

लाल दिवा तिथंच निकालात निघाला. मग देवळावरचा सर्चलाइट लागला आणि त्याचा पट्टा नदीवरून फिरला. पुलावर एकदम गलका झाला. “शूटिंग! मळवाडीत शूटिंग लागलंय!” कोल्हापुरात मोठा दिवा दिसला की माणसाला दुसरं काही सुचत नाही. इथं निम्म्या गल्ल्यांत स्टुडिओत काम केलेला कुणीतरी असतोच. दोन पोरं सायकलीवर डबलसीट बसून नटीच्या दर्शनाला मळवाडीकडं निघालीसुद्धा.

“आता आपला,” यज्ञेश्वर म्हणाला आणि त्यानं घसा साफ केला.

नदीपलीकडं पांढरा झटका उमटला. मग दुसरा. कठड्याशी उभी असलेली सगळी माणसं एकाच वेळी वळली. यज्ञेश्वरचा चेहरा फुलला. पुढच्याच क्षणी एका बाईनं कडेवरच्या मुलाच्या डोळ्यांवर हात ठेवला. “बघू नगं रं, डोळं जातील.” तिच्या शेजाऱ्यानं मान फिरवली. त्याच्या शेजाऱ्यानं फिरवली. तेलकट खाकी कपड्यांतला, कारखान्यातून सुटून घरी चाललेला एक जण म्हणाला, “वेल्डिंग हाय. मळवाडीत कोन शेड मारालंय ह्या टायमाला?”

सगळ्या पुलानं तोंड फिरवलं. ह्या शहरात दर दोन घरांआड एक माणूस उद्यमनगरात लेथवर नाहीतर भट्टीवर कामाला. वेल्डिंगकडं बघायचं नसतं हे इथल्या मुलाला चालायला लागल्यापासून माहीत असतं. कंदील बघून लोकांनी हात हलवले होते. हा दिवा बघून त्यांनी पाठ केली.

“फेल,” यज्ञेश्वर म्हणाला. “चला, घरी जाऊ.”

तानाबाई हलली नाही. ती खाकीवाल्याकडं गेली. “पावनं, वेल्डिंग हाय हे कशावरनं?”

“पांढरं चमकालंय न्हवं.”

“परत एकदा बघा.”

“आता गं मावशी! सकाळी डोळं चुरचुरतील. तुमी काय डोळ्यावर काकडी आणून बांधनार?”

“बांधीन. बघा.”

त्यानं बोटांच्या फटीतून बघितलं. मग बोटं खाली घेतली. बराच वेळ तो बघत राहिला. हातातली भजी गार झाली.

“वेल्डिंग न्हाय हे,” तो म्हणाला. “वेल्डर असं घड्याळागत मारत न्हाय. काडी लागती, सुटती, मग शिव्या घालतोय, मग परत लावतोय. हे सारखंच हाय. ह्ये कोन तर मुद्दाम करालंय.”

“काय म्हनला?”

“मुद्दाम करालंय म्हनलं.”

तानाबाई यज्ञेश्वरकडं वळली. “मालक, ऐकलं न्हवं? हेच पायजे. पहिल्या नजरेला कळाय पायजे की कोन तर मुद्दाम करालंय. तीनदा चमकायचं, मग थांबायचं. परत तीनदा.”

यज्ञेश्वरचं डोकं तिथंच चालू झालं. त्यानं कठड्यावर बोटानं आकृती काढली. आपोआप तीनदा चमकून थांबेल असं सर्किट करता येईल, एकदा लावून दिलं की सेल संपेपर्यंत दिवा आपलं काम करेल, असं तो म्हणाला. नाहीतर साधा उपाय, दाबायचं बटण. दाबून धरलं तोवर चमकेल, सोडलं की बंद. पण मग माणूस बसवावा लागेल.

दोन दिवसांनी दुकानात यावरून आकाराम आणि तानाबाईत चांगलंच वाजलं. आकारामला आपोआपचा पाहिजे होता.

“वैनी, मानूस चुकतंय. मशीन चुकत न्हाय.”

“मशीन कुनाचं बी हुतंय भावजी. उद्या कोन तर उचलून देवळावर ठेवलं तर तितं बी तसंच चमकंल. आमी हितं बुडताना त्ये तितं चमकत बसंल. बटनाला हात लागतोय. जितं हात, तितं दिवा.”

“माणूस झोपला की दिवा झोपला, मावशी,” यज्ञेश्वरनं बजावलं.

“पान्यात पाय असताना झोपतंय कोन?”

आकाराम म्हणाला, “बटन मोठं बसवा. वल्या हाताला, न बघता सापडंल असं.” तानाबाईनं त्याच्याकडं बघितलं. त्या दिवशी पारूबाईचा हात धरून तो बसला होता आणि कंदिलाची वात वर करायला त्याचा दुसरा हात पुरला नव्हता, हे दोघांनाही आठवत होतं. यज्ञेश्वरनं दाराच्या घंटेचं बटण बसवलं.

दिवा बरणीत बसून वस्तीत आला त्याच आठवड्यात सरपंचांनी तानाबाईला आणि आकारामला पंचायतीत बोलावलं. पुलावर काय झालं ते त्यांच्या कानावर गेलं होतं. नटी बघायला आलेली दोन पोरं त्यांच्याच दारात येऊन चौकशी करून गेली होती, त्यामुळं ते आधीच तापलेले होते.

“तो दिवा इथं आणून जमा कर,” सयाजीराव तानाबाईला म्हणाले.

“का?”

“का म्हणजे? गावात दोन ठिकाणी दोन दिवे लागले तर नावाड्यानं जायचं कुठं? गोंधळ होणार. गावाला एकच दिवा पाहिजे. बरोबर हाय का न्हाय?”

“बरोबर हाय,” तानाबाई म्हणाली. “मग तुमचा इजवा.”

पंचायतीचा शिपाई खोकला. त्याला हसू आलं होतं. सयाजीरावांनी त्याच्याकडं बघितलं तसा तो बाहेर गेला.

“माझा सर्चलाइट इजवू? देवळावरचा?”

“तुमच्या देवळाला पानी लागत न्हाय. आमच्या चुलीला लागतंय. जितं पानी आधी, तितं दिवा आधी. ह्यात गोंधळ कसला?”

“तू जास्त बोलायला लागलीस, तानाबाई.”

“मागल्या साली कमी बोललो. त्याचं काय झालं ते तुमी बघितलंय.”

आकाराम तेवढा वेळ उभा होता. आता तो पहिल्यांदा बोलला. “सरपंच, पूर आला की लाइट जातीया. तुमचा सर्चलाइट लाइटीवर हाय. बॅटरीवर करून घ्या, येवढंच सांगतो.”

“तू मला शिकवणार?”

“न्हाय. सांगालोय.”

सयाजीराव उठले. तहसीलदारांना कळवू, दिवा जप्त होईल, असं ते म्हणाले. तानाबाईनं पदर खोचला. “जप्तीला येनाऱ्याला म्हनावं, पान्यातनं यायला लागंल,” ती म्हणाली, आणि दोघं बाहेर पडली.

जप्तीला कुणी आलं नाही. पण तानाबाईला ठाऊक होतं की दिवा घेऊन निम्मंच काम झालंय. उरलेलं निम्मं पुलावर होतं. जूनभर ती जमेल त्या संध्याकाळी नदी ओलांडून धोंडुबाईच्या गाडीपाशी जाऊन उभी राहायची. भजी खायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगायची. मळवाडीकडनं पांढरं तीनदा चमकलं की घाटावर पळायचं आणि गणपती भोयाला नाव सोडायला सांगायचं. पहिले काही दिवस लोक हसले. “मावशी, परत परत काय सांगालाय? पाढा हाय का हा?” तानाबाई म्हणायची, “म्हना मग.” आणि म्हणायला लावायची.

धोंडुबाईला सुरुवातीला हे आवडलं नव्हतं. पूर हा तिचा धंद्याचा हंगाम, आणि मरणाच्या गोष्टींनी भज्यांची चव जाते असं तिचं म्हणणं होतं. पण पारूबाईचं ऐकल्यावर ती बदलली. मागच्या वर्षी कंदील तिनंही पाहिला होता. तिनं झाऱ्यानं हात हलवला होता. हे तिनं एकदाच सांगितलं आणि मग कढईत जोरानं पीठ सोडायला लागली. त्यानंतर गाडीवर नियमच झाला. ज्याला तीनदाचं ठाऊक नाही त्याला भजी नाही.

ऑगस्टमध्ये धरणाच्या बाजूला पावसानं जोर धरला. नदी दोन दिवसांत पात्राबाहेर आली. तिसऱ्या दिवशी दुपारी ओढा फुगला, गावाकडचा रस्ता गेला आणि पाणी घरांच्या उंबऱ्यांना लागलं. आकारामनं म्हाताऱ्यांना, पोरांना आणि दिवस भरलेल्या बनाबाईला समाजमंदिराच्या स्लॅबवर चढवलं. माणसांपाठोपाठ शेळ्या चढल्या. दुपारीच वीज गेली होती. देवळाच्या शिखराजवळ सर्चलाइट आंधळ्या डोळ्यासारखा उभा होता. संध्याकाळच्या सुमाराला पाऊस इतका वाढला की पूल कधी दिसत होता, कधी नव्हता.

तानाबाई बरणी मांडीशी घेऊन बसली. वर पोत्याची खोळ, तरी पाणी पाठीतून वाहत होतं. बारीक शिट्टी वाजली. तिनं बटण दाबलं. तीन झटके. सोडलं. पुन्हा दाबलं.

काही झालं नाही.

“दिसतंय का न्हाय कुनाला?” बनाबाई म्हणाली. तिच्या कळा सुरू झाल्या होत्या आणि ती ते लपवत होती.

“दिसंल.”

“हात हलवतील परत.”

“हलवू देत. आपुन थांबायचं न्हाय.”

पुलावर त्या वेळी नेहमीच्या मानानं माणसं कमी होती, पावसानं हुसकावली होती. कठड्याशी छत्री धरून उभ्या असलेल्या कुणीतरी “वेल्डिंग” असं म्हटलं. धोंडुबाई गाडी तशीच सोडून, हातात झारा घेऊन त्याच्या अंगावर धावून गेली. “कसलं वेल्डिंग, मुडद्या! मोज की!” तो मोजायला लागला. तीनपर्यंत आल्यावर तो छत्री टाकून घाटाकडं पळाला. त्याच्यामागं आणखी चार-पाच पळाले. हे सगळं वस्तीला नंतर कळलं. त्या वेळी वस्तीला एवढंच दिसलं की पावसाच्या पडद्यातून एक काळा ठिपका पाण्यावर तिरका सरकत येतोय आणि तो थांबत नाहीये.

गणपती भोई नाव घेऊन आला तेव्हा उजेड थोडा उरला होता. पहिल्या खेपेला बनाबाई गेली, तिच्याबरोबर दोन बायका आणि लहान पोरं. दुसऱ्या खेपेला म्हातारी माणसं. आकाराम त्यांच्याबरोबर गेला. त्याला जायचं नव्हतं. तानाबाई म्हणाली, “दवाखान्यात बनाबाईपाशी आपलं कोन तरी बोलनारं पायजे. जावा.” तो गेला.

तिसऱ्या खेपेला नाव आली तेव्हा तीत सयाजीराव बसलेले होते. गावठाणाच्या कडेला उभं राहून त्यांनी हाका मारून नाव बोलावली होती. त्यांनी गणपतीला वर चल म्हणून सांगितलं होतं. गणपती म्हणाला होता, दिवा खाली लागलाय, आधी खाली जाणार. यायचं असलं तर बसा. सरपंच बसले होते. पांढरा सदरा अंगाला चिकटला होता.

“कुंभार आळीत भिंत पडलीया,” ते नावेतूनच ओरडले. “म्हाताऱ्याची मांडी मोडली. दिवा दे इकडं, वर घेऊन जातो.”

तानाबाईनं स्लॅबवर मागं बघितलं. चार गडी आणि शेळ्या उरल्या होत्या.

“नाव न्या,” ती म्हणाली. “आमची मानसं दम धरतील. दिवा न्हाय.”

“अगं, तुझी माणसं निघाली की सगळी! आता दिव्याचं काय लोणचं घालतीस?”

“मानसं निघाली. वस्ती हितंच हाय.”

“गावाचं काम हाय हे, तानाबाई!”

“गावाचंच करालोय. वर काय लागलं तर खाली सांगावा धाडा. हितनं दाबीन.”

“आम्ही खाली सांगावा धाडायचा? तुला?”

“व्हय.”

नाव धारेत हेलकावत होती. गणपती भोयानं वल्हं भिंतीला टेकवून तिला धरून ठेवलं होतं. तो दोघांकडंही न बघता म्हणाला, “सरपंच, काय ते लवकर ठरवा. पानी वाढालंय, आन माझं हात दोनच हाईत.”

सयाजीराव उभे राहायला गेले, नाव हलली, ते परत बसले. बरणीपर्यंत त्यांचा हात पोचला असता. तानाबाईनं ती मागं घेतली नाही. मांडीवर होती तशीच ठेवली आणि अंगठा बटणावर ठेवून त्यांच्याकडं बघत राहिली. पाऊस दोघांच्या तोंडावर सारखाच पडत होता.

“दोन नावा लागतील,” शेवटी ते म्हणाले. आवाज खाली आला होता. “म्हाताऱ्याला आडवं घालून न्यायला लागंल. एकीत बाकीची मावणार न्हाईत.”

“दुसरी बी येईल,” तानाबाई म्हणाली. “पूल बघतोय.”

गणपतीनं वल्हं भिंतीवरून काढलं. नाव गावठाणाकडं वळली. तानाबाईनं बटण दाबलं. प्रत्येक झटक्यात नावेत बसलेल्या सरपंचांची ओली पाठ पांढरी उमटत होती. तीनदा दिसली, मग अंधार, मग पुन्हा तीनदा.